टीटीची खडखड आणि गप्प मेलेले शॉकअप

गाडी 2012 ची ऑडी टीटी. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, दोन दारं, मागची सीट नावापुरती. आधीचे मालक करंझाळ्याला राहायचे. गाडी फारशी चालली नव्हती आणि जाहिरातीत तेच ठळक लिहिलेलं होतं. पण गोव्यात जुनी गाडी घेताना ती किती किलोमीटर चालली यापेक्षा कुठे उभी राहायची, हे आधी विचारावं. रबर किलोमीटर मोजत नाही. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), शॉकअपची सीलं, बोल्टच्या खाचा हे सगळं न चालताही म्हातारं होत असतं. मला हे ठाऊक होतं. गाडी घेतानाच सस्पेन्शनसाठी पैसे बाजूला ठेवले होते, म्हणून नंतरची यादी वाचताना झोप उडाली नाही.

तक्रारी दोन होत्या. एक, पुढून येणारी खडखड. बारीक, कोरडी, छोट्या खडबडीवर जास्त आणि मोठ्या खड्ड्यात जवळपास नाहीच. दुसरी सांगायला अवघड. वेग वाढला की गाडी रस्त्यावर नीट बसत नव्हती. लांबट उंचवट्यावरून गेली की वर यायची, खाली जायची आणि पुन्हा थोडी वर यायची. स्टिअरिंग सरळ धरूनही हाताला सारखी बारीक दुरुस्ती करावी लागायची. एवढ्या ठेंगण्या, रुंद टायरच्या गाडीला हे शोभत नाही.

ज्याला विचारावं त्याच्याकडे तयार उत्तर होतं. निम्मे म्हणाले, ‘शॉकअप गेले, चारही बदला.’ उरलेले म्हणाले, ‘लो प्रोफाइल टायर आहे, असंच असतं.’ एका मोठ्या वर्कशॉपने गाडी लिफ्टवर न चढवताच पुढचं पूर्ण सस्पेन्शन, दोन्ही लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे खालचे हात) आणि स्टिअरिंग रॅक असं कोटेशन हातात दिलं. रॅक कशासाठी, याला उत्तर नव्हतं. तो कागद मी जपून ठेवलाय.

मी म्हापशाला गेलो. करासवाड्याच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे, जिथे जुन्या श्कोडा लॉरा आणि जेट्टा रांगेने उभ्या असतात. त्या रांगेमुळेच गेलो. ही टीटी, लॉरा आणि त्या काळची जेट्टा एकाच प्लॅटफॉर्मवरच्या गाड्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, मागे चार लिंकची (दांड्यांची) मांडणी. वरचं अंग वेगळं असलं तरी खालची हाडं बरीचशी सारखी. ज्याने पन्नास लॉरांचे लोअर आर्म उतरवलेत त्याला टीटीखाली काही नवीन दिसत नाही. गॅरेजचे मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘आवाज काढायचाय की गाडी बरी करायचीय?’

हा प्रश्न मला तेव्हा चहाटळ वाटला होता.

सुरुवात फुकटच्या गोष्टींनी झाली. टायरमधली हवा मोजली. पेट्रोल पंपावर कुणीतरी बिनधास्त जादा भरली होती, ती दाराजवळच्या स्टिकरवर दिलीय तेवढी केली. डिकीतलं टूलकिट, जॅक, मागच्या सीटचे पट्टे सगळं बाहेर काढलं, कारण हॅचबॅकमध्ये डिकीतला आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला घट्ट आहेत का ते पाहिलं. मग मी वेगवेगळ्या रस्त्यांवरून गाडी फिरवली. या बाबतीत गोवा हे उत्तम चाचणी केंद्र आहे. शाळा, देऊळ, चर्च, वळण काहीही आलं की आमच्याकडे रंबलरचे पट्टे असतात. लहान आणि झटपट हादऱ्यासाठी याहून चांगलं यंत्र नाही. लांब लाटांसाठी पणजीचा अटल सेतू. 2019 मध्ये हा पूल सुरू झाला तेव्हापासून त्याच्या पृष्ठभागाबद्दल लोक बोलतायत, 2023 मध्ये तो बंद ठेवून डांबरीकरणही करावं लागलं. वेगात गाडी कशी चालते हे पाहायला मोपा विमानतळाचा नवा जोडरस्ता. आणि नुसते खड्डे हवे असतील तर पर्वरीत, जिथे तेव्हा उंच मार्गाचं काम चाललं होतं तिथे, हवे तेवढे.

रंबलरवर खडखड हमखास. अटल सेतूवर खडखड नाही, पण झुलणं आहे. ब्रेक दाबून थांबताना पायाशी एकच ‘ठक’, आणि रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना तसाच दुसरा. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टंग’. म्हणजे एक आजार नव्हताच, चार वेगळे आवाज आणि एक निराळंच झुलणं होतं. ही यादी मी कागदावर लिहून काकांना दिली. सस्पेन्शनच्या कामात एवढी यादी हाती असली की निम्मी लढाई तिथेच होते, कारण गॅरेजवाला गाडी चालवतो ती गॅरेजसमोरच्या दोनशे मीटरवर.

रंबलरच्या खडखडीला काकांचा पहिला संशय लिंक रॉडवर. लिंक रॉड म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारी बोटभर जाडीची दांडी, दोन्ही टोकांना छोटे बॉलजॉइंट. तपासताना एक मेख आहे. फक्त एकच चाक जॅकवर उचललं तर स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, तो पीळ जॉइंटमधली ढिलाई दाबून धरतो आणि हलवून पाहणाऱ्याला सगळं घट्ट लागतं. दोन्ही चाकं एकसारखी उचला, नाहीतर गाडी चाकांवरच ठेवून खालून हात घाला. काकांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि रॉड मुठीत धरून झटके दिले. उजवीकडचा स्पष्ट वाजला, डावीकडचा वाजायच्या बेतात होता. दोन्ही बदलले. नट फिरवताना बॉलजॉइंटचा खिळा सोबत फिरतो म्हणून मागून बिट धरावा लागतो, एवढंच कौशल्य. लॉराला लागतात तसलेच रॉड, म्हापशातच मिळाले.

खडखड गेली. रंबलरवरून गाडी गुपचूप गेली. इथेच बहुतेक जण थांबतात आणि मला वाटतं जुन्या गाड्यांचा खरा धोकाही इथेच आहे. वाजणारा भाग स्वस्त असतो. तो बदलला की मालकाचं समाधान होतं, आणि ज्या भागावर गाडीचं ब्रेकिंग, वळणावरची पकड अवलंबून असते तो भाग तर कधी वाजतच नाही. शॉकअप मरतो तो गप्प मरतो. आतल्या पिस्टनच्या झडपा झिजतात, सील सैल होतं, तेल थोडं थोडं बाहेर पडतं, रोज इतकं कमी की चालवणाऱ्याच्या हाताला सवय होत जाते. गाडीचं वजन स्प्रिंगने पेललेलं असल्यामुळे उभी गाडी अगदी ठीक दिसते. आवाज काढायचाय की गाडी बरी करायचीय, हे काकांनी का विचारलं होतं ते आता कळलं.

बॉनेट दाबून सोडायची जुनी परीक्षा या गाडीवर फसते. स्प्रिंग कडक, बुशांचं घर्षण वेगळं. दाबलं तर पोरगेल्या गाडीसारखी एकदाच वर येऊन थांबते. त्यापेक्षा टायर जास्त बोलतात. मी तळहात टायरच्या ट्रेडवर फिरवला, आधी एका दिशेने, मग उलट. मागच्या डाव्या टायरवर ठरावीक अंतराने उंचवटे आणि खळगे लागत होते. चाक जमिनीवर टेकून न राहता उड्या मारत चाललं की रबर असंच ठिकठिकाणी झिजतं. वेगात जो गुंऽऽ आवाज यायचा तो मला आधी बेअरिंगचा वाटत होता. तो या टायरचा निघाला.

पुरावा मिळाला तो भाच्याच्या फोनमुळे. गतिरोधकाच्या बाजूला त्याला उभं केलं, मी मध्यम वेगात गाडी नेली, त्याने स्लो मोशनमध्ये मागच्या चाकाचं चित्रण केलं. ‘मामा, गाडी पुढे गेली तरी चाक नाचतंय बघ.’ खरंच, बॉडी शांत झाल्यावरही चाक चाकाच्या कमानीत वर-खाली होत होतं. लिफ्टवर पाहिलं तर त्याच बाजूचा शॉकअप वरपासून खालपर्यंत तेलाने ओला, त्यावर लाल मातीचा थर. हलकी तेलकट झाक चालते, पण चिकटून बसलेली ओली माती म्हणजे सील गेलं. पुढचे दोन्ही कोरडे होते. कोरडे म्हणजे चांगले, असं मात्र नाही, ते पुढे कळलं.

ब्रेकच्या ‘ठक’साठी लोअर आर्मचा मागचा बुश. ब्रेक लावला की पुढचं चाक मागे ढकललं जातं आणि तो सगळा जोर या एका जाड रबरी बुशावर येतो. पहार घालून हलकं उचकटलं तर रबराची फाट उघडली, आतली नळी जवळपास मोकळी. बॉलजॉइंट चांगले होते: चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, काही नाही. नऊ आणि तीनला धरून हलवलं, स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडमध्येही काही नाही. म्हणजे त्या कोटेशनमधला स्टिअरिंग रॅक यादीतून बाद झाला. पार्किंगमधल्या ‘टंग’साठी काकांनी मला सीटवर बसवलं, स्वतः स्प्रिंगवर हात ठेवला आणि स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. स्प्रिंग गुळगुळीत न फिरता अडकून एकदम सुटत होती. वरच्या माउंटचं, म्हणजे स्ट्रट जिथे बॉडीला धरलेला असतो तिथलं, बेअरिंग.

यादी झाली: चार शॉकअप, पुढची दोन माउंट आणि बेअरिंग, चारही बंप स्टॉप (शॉकअप तळाला आपटू न देणारे फोमचे ठोकळे) आणि धूळकव्हरं, लोअर आर्मचे मागचे बुश, लागणारे सगळे बोल्ट नवीन. शेवटच्या बाबीवर लोक हसतात. पण या गाड्यांमध्ये बरेच बोल्ट ठरावीक टॉर्क देऊन वर आणखी काही अंश फिरवायचे असतात. तसे ते एकदाच ताणले जातात, पुन्हा वापरायचे नसतात.

भाग मागवण्याआधी एक गोष्ट बघा. टीटीला मॅग्नेटिक राइड हा पर्याय होता, त्यात शॉकअपमध्ये चुंबकीय द्रव आणि प्रत्येकाला वायर असते. गिअरजवळ शॉकअपचं चित्र असलेलं बटण असेल तर तुमच्या गाडीला ते आहे आणि किंमत वेगळ्याच गावची आहे. माझ्या गाडीला नव्हतं. साधे, मूळ दर्जाचे झॅक्सचे घेतले, माउंट आणि बुश लेम्फर्डरचे. हे दोन्ही ब्रँड झेडएफचेच. बिल्स्टाइनही चाललं असतं. फक्त खोक्यावर फेबी बिल्स्टाइन लिहिलेलं असेल तर ती दुसरी कंपनी, शॉकअपवाली नव्हे. दोन्ही जर्मनीतल्या एकाच गावच्या असल्यामुळे दुकानदारही घोळ घालतात. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच) लावून गाडी खाली बसवावी, असा सल्ला मित्रांनी दिला. आमच्याकडचे गतिरोधक बघून तो सल्ला मी ऐकला नाही. पॉलियुरेथेन बुशही नको म्हटलं. पावसाळ्यात त्यात चिखल शिरला की ते कुरकुरतात आणि माझी गाडी ट्रॅकवर जाणार नाही, कचेरीत जाणार आहे. लोअर आर्म ॲल्युमिनियमचा आहे, चांगला आहे, म्हणून आर्म तोच ठेवून फक्त बुश प्रेसवर बदलायचे ठरलं. मुंबईहून माल कुरियरने आला.

पुढच्या स्ट्रटला या गाडीत खाली दोन बोल्ट नसतात. स्ट्रटचं टोक नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, भोकात घुसतं आणि एक आडवा बोल्ट भोकाची चीर आवळून धरतो. तो बोल्ट काढल्यावरही स्ट्रट हलत नाही. चिरेत चपट्या टोकाचं हत्यार घालून ते नव्वद अंश फिरवलं की चीर उघडते. ज्याच्याकडे ते हत्यार नसतं तो हातोडा घेतो. काकांकडे होतं, लॉरांची कृपा. मग नकल खाली दाबून स्ट्रट सोडवायचा, तो दाबताना ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जाऊ द्यायची नाही. झेनॉन दिवे असलेल्या गाडीत लोअर आर्मला एक छोटी दांडी जोडलेली असते, दिव्यांची उंची ठरवणाऱ्या सेन्सरची. ती आधी सुटी करा. प्लास्टिकची असते आणि आर्म लोंबकळला की तुटते.

स्प्रिंग कॉम्प्रेसरचं काम मी लांबून पाहिलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जातो. काकांनी पोराला समोरून बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदाच चढला.

सुटे झालेले पुढचे शॉकअप हातात घेतले तेव्हा कोरडेपणाचा अर्थ लागला. नवा गॅसचा शॉकअप दाबून सोडला की दांडी सावकाश, पूर्ण वर येते. जुन्याची दांडी दाबली ती आतच राहिली. मध्यापर्यंत जराही अडकाव नाही, मग किंचित जोर, मग पुन्हा पोकळ. बाहेर तेलाचा थेंब नाही आणि आत जीव नाही. बंप स्टॉपचा फोम बोटांनी चिरडला तर त्याचा भुगा झाला, धूळकव्हरात त्याची पिवळी पूड साचलेली. ती पूड दांडीवर घासून सील खराब झालं असणार, असं काकांचं म्हणणं. मला पटलं.

मागच्या बाजूने मात्र खरा वेळ खाल्ला. मागे शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे, त्यामुळे शॉकअप सोपा. आर्म जॅकने आधार देऊन ठेवायचा, वरचे दोन आणि खालचा एक बोल्ट. पण अलाइनमेंटसाठी आतल्या टोकांना जे मध्यापासून सरकलेल्या भोकाच्या वॉशरचे बोल्ट असतात, ते फिरवून बघितले तर एक जाम. करंझाळ्याची खारी हवा आणि त्यात इथला पाऊस, वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर. बोल्ट बुशाच्या लोखंडी नळीला आतून गंजून चिकटला होता. टीटीच्या सांगाड्याचा पुढचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा आणि मागचा पोलादाचा आहे, त्यामुळे गंज शोधायचा तो मागेच. काकांनी गंज सुटायचं तेल मारलं आणि म्हणाले, ‘आयज सोड, फाल्यां पळोवया.’ सकाळीही हलला नाही. गरम केला असता तर बुशाचं रबर जळलं असतं. शेवटी बोल्ट दोन्ही बाजूंनी कापून काढला, त्या आर्मचा बुशही त्यासोबत गेला, तो नवीन घातला. बेळगाव-कोल्हापूरकडच्या गाड्यांना ही कटकट कमी, किनाऱ्यावरच्या गाडीला हे गृहीत धरा आणि ते बोल्ट आधीच मागवून ठेवा.

आता एक गोष्ट जी चांगल्या गॅरेजमध्येही चुकते. रबरी बुशाच्या आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी घट्ट होते आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट शेवटचा आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं. नवा बुश मग वर्षाच्या आत फाटतो आणि दोष कंपनीला जातो. म्हणून बुशाचे सगळे बोल्ट आधी हलकेच लावायचे, आर्म जॅकने उचलून गाडी जमिनीवर असते त्या उंचीला आणायचा आणि मग आवळायचा. आधी मी चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवलं होतं, ते इथे कामी आलं. स्ट्रटच्या आडव्या बोल्टला 70 न्यूटन मीटर आणि वर 90 अंश. काकांनी बोल्टवर पांढरा रंग लावून अंश मोजले.

अलाइनमेंट पणजीला केली, जिथे मशीनवाला मागच्या चाकांचं कॅम्बर (उभा कल) आणि टो (आत-बाहेर वळण) दोन्ही बदलून देतो. ‘साहेब, पुढचंच करतात सगळे,’ असं म्हणणाऱ्याकडून निघून आलो. टाकी भरून नेली, तशी अट पुस्तकातच आहे. अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर लॅपटॉपने शून्यावर आणला. मागचे दोन टायर बदलले. एकदा खळगे पडलेला टायर नव्या शॉकअपवर सरळ होत नाही.

अटल सेतूवरून गेलो. उंचवट्यावरून गाडी वर आली आणि बसली, तिथेच. बसलेली गाडी कडक वाटेल अशी धास्ती होती, उलट रस्ता मऊ झाल्यासारखा वाटला. चाक जमीन सोडत नाही म्हणून हादरा पोचतच नाही. चोगम रोडच्या वळणांवर, जो 1983 च्या राष्ट्रकुल परिषदेच्या नावाने अजून ओळखला जातो, स्टिअरिंग एकदा वळवलं की तसंच राहू लागलं. ब्रेकची ‘ठक’ गेली, ‘टंग’ गेली.

सगळा खर्च टायर धरून लाखाच्या थोडा वर गेला, त्या कोटेशनच्या बराच खाली. एक काम राहिलंय. सकाळी गार गाडी काढताना गेटच्या उतारावर पुढून अजून एक मऊ ‘डुक’ येतो, स्टॅबिलायझर बारच्या रबरी बुशांचा. ते बदलायला पुढची सबफ्रेम (सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) खाली उतरवावी लागते आणि पाचशे रुपयांच्या रबरासाठी तेवढं उघडायला काका तयार नाहीत. सबफ्रेम दुसऱ्या कशासाठी उतरेल तेव्हा बघू, असं ठरलंय. बुश आणून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलेत.